मंडईतून यायला उशीर

विमानातून उतरले आणि आधी माझ्या नाकानं सिंगापूर ओळखलं. चांगी विमानतळाच्या गालिच्याचा तो थंडगार, जरा गोडसर वास सहा वर्षांत बदलला नव्हता. पायांनी तर कहरच केला. मला न विचारता ते उजवीकडच्या कोपऱ्याकडे निघाले. कामाला आलेल्या बायांना तिथे ओळीनं उभं करायचे. गणवेशातल्या एका पोरीनं हटकलं, "परमिट दाखवा."

"परमिट नाही. मी पाहुणी आहे. लग्नाला आले आहे," मी जरा मोठ्यानंच सांगितलं. तिला काय त्याचं! तिनं हातानं दुसरी रांग दाखवली.

मी पार्तिना, इंडोनेशियातल्या पोनोरोगोजवळच्या गावची. या शहरात चौदा वर्षं एकाच घरात काम केलं आणि सहा वर्षांपूर्वी कायमची म्हणून निघून गेले. त्या घरची नात, टिंग, माझ्याच कडेवर मोठी झाली. आता तिचं लग्न होतं. फोनवर ती म्हणाली होती, "मावशी, तू नाही आलीस तर मी सासरी जाणारच नाही." असं म्हटल्यावर कोण येणार नाही? हिरवा रेशमी केबाया, आमच्याकडचा सणाचा अंगरखा, शिवून घेतला, तिकीट त्यांनीच पाठवलं, आणि आले.

मात्र परतीचा बुधवार मी दहादा विचारून पक्का केला होता. कारण शनिवारी माझ्या लेकीचं, एर्लिनाचं सातव्या महिन्याचं न्हाण होतं. पहिलटकरणीवर पहिला तांब्या तिच्या आईनं ओतायचा असतो. मग एकेक लुगडं तिच्या कमरेला लावून बायांना विचारतात, शोभतं का? बाया ओरडतात, "नाही शोभत!" अशी सहा भारी लुगडी नाकारायची. सातवं साधं, घरात नेसायचं लावलं की मग सगळ्या एका सुरात, "हे शोभतं!" पोटातलं बाळ साधं, सुखाचं निघावं म्हणून हे सगळं. दिवस गावातल्या जाणत्यानं काढून दिलेला, तो हलत नाही. निघताना एर्लिना म्हणाली होती, "आई, मी न्हातीधुती झाले तेव्हा तू नव्हतीस, शाळेतून पहिली आले तेव्हाही नव्हतीस. मी कधी काही बोलले नाही. या वेळी पाणी तूच घाल." ती रडत नव्हती, उगाच भांडी आवरत होती. मला ते जास्त लागलं.

तोआ पायोची आमची इमारत फिक्या पिवळ्या रंगाची होती, ती करडी-निळी करून ठेवलेली. पूर्वी लिफ्ट एक मजला सोडून थांबायची, आता प्रत्येक मजल्यावर थांबते. खालच्या खानावळीत टेबल अडवायला लोकांनी अजून कागदी रुमालाची पाकिटंच ठेवलेली. मला हसू आलं. म्हटलं, चला, शहाणपणा आहे तेवढाच आहे.

दार मॅडमनी, टिंगच्या आईनं, उघडलं. केस पिकले होते, पण आवाज तोच. "आलीस तीना! चप्पल काढ, आत ये, एसीची थंडी बाहेर जाते." माझं नाव त्यांना कधी पेललं नाही, पहिल्या दिवसापासून मी तीनाच.

आणि तिथे मी ते केलं. चप्पल काढली, पिशवी भिंतीला टेकवली, झग्याच्या आतल्या बटव्यातून पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी मॅडमच्या पुढे धरला. दर खेपेला गावाहून आलं की असंच करायचं, इतकं अंगवळणी पडलेलं. तसं मालकिणीनं पासपोर्ट ठेवून घेणं चालत नाही म्हणतात, पण सगळीकडे चालायचं. मॅडमनीही तो घेतला, नेहमीच्या खणात सोन्याच्या डब्याखाली ठेवला, किल्ली फिरवली. मधल्या सगळ्या वेळात आम्ही दोघी विमानात जेवायला काय होतं यावर बोलत होतो.

किल्ली फिरल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं. तोंड उघडलं, पण बोलू काय? आमच्याकडे दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. म्हटलं, बुधवारी देतीलच की.

आतल्या खोलीत आमा पूर्वीच्याच जागी होती. मॅडमची सासू. पूर्वी सबंध मजल्याला धाकात ठेवणारी बाई, आता खुर्चीत मूठभर उरलेली. टिंग तिच्यापुढे पेजेचा वाडगा धरून बसली होती. मला बघून तिनं वाडगा तसाच ठेवला आणि गळ्यातच पडली. "मावशी! बघ ना हिचं, दोन महिने झाले, कोणाच्या हातचं नीट खातच नाही. आधीची बाई कंटाळून गेली."

आमानं मान वळवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग फणकाऱ्यानं म्हणाली, "किती उशीर! मंडईत गर्दी होती का?"

टिंग हसली, मॅडम हसल्या. सहा वर्षांपूर्वी मी निघाले त्या सकाळी आमाला खरं सांगायची कोणाची छाती झाली नव्हती. तीना मंडईत गेली आहे, असं सांगून वेळ मारून नेली होती.

"हो आमा, फार गर्दी," मी म्हणाले.

"पापलेट मिळालं?"

"मिळालं."

"डोळे बघून घेतलंस ना? नाही तर त्या टकल्यानं शिळं गळ्यात मारलं असेल."

मी वाडगा उचलला. चमचा तिच्या खालच्या ओठाला हळूच टेकवायचा आणि थांबायचं, ढकलायचं नाही, ही तिची जुनी खोड. तोंड उघडलं. वाडगा रिकामा झाला तेव्हा मॅडमनी डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? पण मॅडम माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती पाहुणीकडे बघायची नजर नव्हती.

मग काय, रात्रीची भांडी मीच घासली. कोणी सांगितलं नाही. मी सिंकशी उभी होते आणि हात चालले होते. झोपायला जागाही स्वयंपाकघरामागची जुनी खोली. आता तिथे तांदळाची पोती आणि मोडका पंखा होता. मॅडम म्हणाल्या, "पाहुण्यांची खोली पाहुण्यांनी भरली आहे ना, तुला तर इथलं सगळं माहीत आहे." तर मी कोण होते? खिडकीचा गज पूर्वी सैल होता, तो त्यांनी पक्का बसवून घेतला होता.

लग्न रविवारी. सकाळी मी केबाया घातला, केस वर बांधले, पावडर लावली. मॅडमनी बघितलं. "छान आहे गं, पण आमाला भरवायचं आहे, डाग पडतील रेशमावर. थांब." त्यांनी टिंगचा एक झगा काढला, तो खांद्यात अडकला. त्यांचा स्वतःचा एक सदरा, तो लांब झाला. मॅडमच्या दोघी नणंदा पलंगावर बसून बघत होत्या. "हा नाही चांगला दिसत." "हाही नाही, भलताच भडक." शेवटी कपाटाच्या तळातून माझा जुना करडा टी-शर्ट निघाला, कॉलरवर ब्लीचचा डाग असलेला. सहा वर्षं त्यांनी तो फरशी पुसायलासुद्धा काढला नव्हता. मी तो घातला आणि तिघीही एकदम म्हणाल्या, "हां! ही आता आमची तीना!"

मला गावातल्या बाया ऐकू आल्या. शनिवारी जे माझ्या लेकीचं व्हायचं होतं, ते आजच माझं करून टाकलं होतं यांनी, आणि ते भलत्याच घरात.

पाहुण्यांसमोर चहा द्यायचा विधी सुरू झाला. वडीलधाऱ्यांनी बसायचं आणि नवरीनं गुडघे टेकून चहा द्यायचा. नवरीला घालायचं सोनं काढायला मॅडमनी खण उघडला. डबा उचलला, तसा खाली माझा हिरवा पासपोर्ट दिसला. माझ्यापासून हातभर अंतरावर. "मॅडम, तेवढा तो द्या," एवढंच म्हणायचं होतं. खण बंद झाला.

टिंग म्हणाली, "मावशीलाही बसवा ना. मला तिला चहा द्यायचा आहे."

"मग आमाला कोण धरणार?" मॅडम म्हणाल्या.

टिंगनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि केसांतलं फूल नीट केलं. मी आमाच्या खुर्चीमागे उभी राहिले. तिला सावरून धरलं. टिंग गुडघ्यावर बसली तेव्हा माझे हात आमाच्या खांद्यांवर होते आणि चहाची वाफ माझ्यापर्यंत येत होती. पोरगी सुंदर दिसत होती. राग आणि माया एकाच वेळी इतकी दाटून आली की मी आमाच्या शालीच्या दशाच विंचरत राहिले.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी एर्लिनाचा फोन आला. "आई, सात विहिरींचं पाणी गोळा झालं. तू येते आहेस ना?"

"येते आहे," मी म्हणाले. फोन ठेवला आणि तशीच मॅडमकडे गेले.

मॅडम लग्नाच्या सजावटीतल्या लाल कागदांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मी समोर उभी राहिले. "मॅडम, उद्याचं विमान..."

"कोणाचं?"

"माझं."

त्यांनी कागद खाली ठेवला. "तू जाणार आहेस?"

"बुधवार ठरलाच होता ना."

"अगं, पण तू आल्या आल्या पासपोर्ट माझ्या हातात दिलास! मी मागितला होता का? दोन्ही हातांनी दिलास. मला वाटलं, मनानं राहायलाच आली आहे, फक्त तोंडानं बोलत नाही. तुम्ही लोक तसेच, काही बोलत नाही! मी एजन्सीला कळवून टाकलं, दुसरी बाई नको, आमची तीना आली. तिकिटाचंही नंतर बघू म्हणून सांगितलं."

बाई खोटं बोलत नव्हती. तेच तर दुखणं होतं. खोटं बोलली असती तर मी भांडले असते.

"मुलीचं न्हाण आहे, मॅडम. शनिवारी."

"एक महिना थांब. दुसरी मिळेपर्यंत. पाणी काय, कोणीही ओतेल तिच्यावर. आमाला मात्र तुझ्याशिवाय कोण आहे?"

आणि आमाची मान खुर्चीत माझ्या आवाजाकडे वळलीच होती.

"नाही," मी म्हणाले.

त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. मॅडमनाही तो नवीन होता. मग उठल्या, खण उघडला, पासपोर्ट काढून टेबलावर टाकला. "घे. तुला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. तिकीटही आहे तसंच ठेवायला सांगते. पण आमाला तूच सांग, जाते म्हणून. मला सांगवत नाही."

बुधवारी सकाळी मी केबाया घातला. पिशवी दाराबाहेर ठेवली, आमाला पेज भरवली, तोंड पुसलं, नखं कापली. खरं सांगायचं ठरवलं होतं. सबंध वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. आमानं माझ्या रेशमी बाहीला हात लावून बघितला.

"एवढी नटून कुठे निघालीस?"

"मंडईत, आमा."

"पापलेट आण. आणि त्या टकल्याशी गप्पा मारत बसू नकोस."

"नाही बसत," मी म्हणाले आणि उठले. लिफ्ट आमच्याच मजल्यावर थांबली. पूर्वी एक जिना उतरावा लागायचा, तेवढ्यात डोळे कोरडे व्हायचे.

शनिवारी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला तांब्या मी ओतला. एर्लिनानं डोळे मिटले, मोगऱ्याची फुलं तिच्या गळ्यावरून ओघळली आणि ती म्हणाली, "आई, गार आहे गं." मला वाटलं, बास. याच्यापुढे मला काही नको. लुगडी झाली. "नाही शोभत! नाही शोभत! हे शोभतं!" मग ओल्या केसांची लेक आणि जावई छत्रीखाली रुजाक विकायला बसले. गूळ-मिरचीतल्या फळांच्या फोडी घ्यायला पैशांऐवजी खापराचे तुकडे घेऊन सगळा गाव त्यांच्यावर तुटून पडला. हा खोटा बाजार आम्ही नेहमी भरवतो, बाळाचा हात भरलेला राहावा म्हणून.

तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. पडद्यावर टिंग होती. नव्या नवरीच्या बांगड्या, हातात वाडगा, चेहरा रडवेला. "मावशी, बुधवारपासून काही खाल्लं नाही तिनं. दाराकडे बघत बसते. तू जरा बोल." पलीकडे आमा, ओठ घट्ट मिटलेले.

बंद करून टाकावा असं वाटलं. आज तरी मला माझ्या घरात राहू द्या, असं ओरडावंसं वाटलं. एर्लिना छत्रीखालून माझ्याकडेच बघत होती.

"कुठे आहेस?" आमानं विचारलं.

मी फोन फिरवून अंगण दाखवलं. ढकलाढकल, आरडाओरडा, "मला दे, मला दे."

"मंडईत आहे, आमा. आज फार गर्दी आहे."

आमानं नीट बघितलं. तिला पटलं. टिंगनं चमचा ओठाला टेकवला, आणि तोंड उघडलं.

"घासाघीस करत बसू नकोस," घास गिळून आमा म्हणाली. "लवकर ये."

"आलेच," मी म्हणाले.