काडीपैलवानाची चरबी

"डॉक्टर, फोटो बदलला असणार," नवरा खो खो हसत म्हणाला. "चरबी ना? ती ही काय, तुमच्या समोरच बसलीय!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बायकोही हसली नाही, पण मांडीवरची पिशवी तिने घट्ट आवळून धरली, कारण आतून तिला हसू फुटत होतं.

खोकला हटेना म्हणून त्याच्या छातीचा स्कॅन काढला होता. फुप्फुसं स्वच्छ निघाली. पण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हृदयाभोवतीचा काळपट पट्टा दाखवला.

"ही चरबी. पोटासारखी बाहेरून दिसत नाही, सडपातळ माणसालाही असू शकते. ती इतकी जाड असली की हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांतही काही साठलं असण्याची शक्यता वाढते. असेलच असं नाही. पण त्या नळ्या तपासून घ्या."

"बाई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. ती बंद पडली की मजलेच्या मजले चढून जावं लागतं. मला काय होतंय?"

कामावर त्याला काडीपैलवान म्हणत. तिला तो ढब्बू म्हणे. लाँड्रीत बसून ती लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची आणि घरी येऊन स्वतःचे सैल करायची. ताटात दुसऱ्यांदा भात घेतला की, "बस की आता!" लेकीच्या लग्नात तर तो फोटोवाल्याला म्हणाला होता, "अजून मागे सरक बाबा, ही मावायची नाही." मांडव हसला. तीही हसली. माणूस वाईट नव्हता. तिचे पाय सुजले की स्वतः पाणी गरम करून आणायचा. फक्त आणताना म्हणायचा, "चला, हत्तीणबाई."

त्या दिवशी घरी येताना तिला कसं हलकं हलकं वाटत होतं. जन्मभर तिच्या नावावर लागलेली चरबी आज त्याच्या नावावर निघाली होती.

भीतीने तिला दुसऱ्या दिवशी गाठलं. कुणाच्या तरी पँटची कंबर उसवत असताना तिचा हात थांबला. जेवण झालं की नवरा चौकापर्यंत फेरी मारून यायचा. हल्ली तो कोपऱ्यावरूनच परतायचा, जबडा चोळत. विचारलं तर म्हणायचा, दाढ ठणकतेय. आणि घरात येऊन बसला की दाढ थांबायची. चालल्यावर दुखणारी आणि बसल्यावर थांबणारी ही कसली दाढ?

तिने कात्री ठेवली आणि तडक घर गाठलं.

"तपासणी करून घ्या."

"तुझं काय जातंय सांगायला? चांगल्या माणसाला आजारी पाडतात हे लोक."

"तुम्ही जाईपर्यंत मी जेवणार नाही."

तो मनापासून हसला. "अगं, मग तर मी जातच नाही! तेवढंच वजन उतरेल."

रात्री तिने त्याला वाढलं आणि समोर नुसती बसून राहिली. सकाळीही तेच. दुपारी लाँड्रीतून तिला घेरी आल्याचा निरोप गेला, तेव्हा तो कामाच्या कपड्यांतच धावत आला. धापा टाकत होता, तळहात जबड्यावर दाबलेला.

"दाढ?" तिने विचारलं.

तिथूनच दोघं दवाखान्यात गेली.

तीन नळ्या तुंबल्या होत्या, एक तर जवळजवळ बंदच. शस्त्रक्रिया झाली. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीने फोनवर रडून घेतलं, शेजारणी म्हणाल्या, कपाळ थोर तुझं. तीही सगळ्यांना तेच सांगत राहिली.

पण जो घरी आला तो वेगळाच कुणी होता. छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवून खिडकीशी बसायचा. कामावर त्याला जिने बंद झाले. सुट्या भागांच्या खोलीत स्क्रू-बोल्ट मोजून द्यायचं काम मिळालं. काडीपैलवान म्हणायचं सगळ्यांनी आपण होऊन सोडलं. ढब्बू हा शब्दही घरातून गेला. त्याऐवजी तो "ऐकतेस का" म्हणू लागला.

एका रात्री तिने मुद्दाम ताटात दुसऱ्यांदा भात घेतला आणि वाट पाहिली.

"घे अजून," तो म्हणाला. "पोटभर जेव."

तिने हातातला घास परत ताटात ठेवला. "अहो, बोला की काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

तेही खरंच. तिने ताट सरकवलं आणि आवरायला उठली.

पुढच्या तपासणीला दोघं बसने गेली. थांब्यापासून दवाखान्यापर्यंत चढ होता. चढाच्या मध्यावर त्याची पावलं आखूड होत गेली. लोक बाजूने पुढे जात होते. तो थांबेना, आणि थांबू या असं म्हणेनाही. नजर खाली, ओठ मिटलेले.

रस्त्याकडेला एक बुटका कठडा होता. तिने त्यावर अंग टाकलं.

"माझ्याच्याने नाही होत बाई आता," ती मोठ्याने म्हणाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असं. "या वजनाचं काय करायचं, देव जाणे. बसा हो जरा माझ्यासाठी."

तो उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. चांगलं टोचून बोलेल.

तो हळूच तिच्या शेजारी टेकला, आणि मग अगदी कडेला सरकला, तिला ऐसपैस बसता यावं म्हणून.