शीव ओलांडू नये

जिन्यावर बूट वाजले आणि सुंदराबाईच्या हातातला डाव आमटीतच थांबला. वरळीच्या बीडीडी चाळीत दिवसभर चपला चढायच्या, अनवाणी पाय चढायचे. बूट चढले की समजावं, कुणाचं तरी घर उठलं.

"बकुळा, थेरेसाला आत घे."

"आत्याबाई, एकच तर खोली. आत कुठं?" सून पुटपुटली.

तेही खरंच. पोटभाडेकरू थेरेसा पडद्याआड भिंतीला टेकून बसलेली. दिवस भरलेले, तोंड पिठासारखं पांढरं. नवरा रॉक शिवडीच्या वखारीत कामावर. सरकारनं पोर्तुगीजांच्या गोव्याची हद्द बंद केली, तरी पोरगी परवान्याविना रानातून वाट काढत नवऱ्यापाशी आली होती. कुणीतरी चुगली केली. आता पलीकडे नेऊन सोडली तर परत येणं नाही, आणि बापाला पोराचं तोंड दिसणं नाही.

दारात कोवळा फौजदार, मागं ओळखीचा शामराव हवालदार.

"गोव्याची बाई इथं राहते?"

वेंगुर्ल्याची भाची म्हणून सांगायचं, असं घरात ठरलं होतं. पण या पोरापुढं खोटं बोलायचं म्हणजे मान खाली घालायची. ती मान संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातल्या अश्रुधुरातसुद्धा खाली गेली नव्हती.

"राहते. मग?"

"परवाना नाही तिच्याकडं. आजच हद्दीवर पाठवायचा हुकूम आहे."

"मुंबई आमची म्हणत लाठ्या आम्ही खायच्या, आणि आमच्या घरात कोण निजणार ते तू सांगायचं?"

"बाई, कायदा आहे."

"आमचाबी आहे. सातवा महिना सरलेल्या बाईनं गावाची शीव ओलांडू नये."

बकुळेनं तोंडाला पदर लावला. तिच्या गरोदरपणी माहेरहून हाच निरोप आला, तेव्हा हीच सासू कडाडली होती: बुद्धाची दीक्षा घेतली, देवांचे टाक समुद्रात सोडले, आणि आता शिवेला भ्यायचं?

शामराव हसला. "सुंदराबाई, तुम्ही कधीपासनं मानाय लागला हे?"

"मी नाहीच मानत. तुझ्या साहेबाची आई मानते का, ते विचार. काय रे पोरा, बायको कुठाय तुझी?"

फौजदाराचे कान लाल झाले. "माहेरी. पहिलंच आहे."

"मग आण तिला रानातनं चालवत. आण की! तिच्याबरोबर हिलाबी ने."

पडद्याआड थेरेसाला हुंदका फुटला. फौजदारानं टोपी काढून घाम पुसला.

"बाळंत होईस्तोवर थांबतो. पुढं माझ्या हातात नाही."

बूट उतरले. सुंदराबाईनं डाव उचलला आणि आमटी ढवळली.

रॉक कामावरून यायच्या आतच थेरेसानं तिचं मनगट धरलं. "मावशी, कळ आली गो."

अर्ध्या चाळीची बाळंतपणं सुंदराबाईच्या हातची. प्रत्येक पोराला तिनं दटावलं होतं, ये लवकर, आईला छळू नको. आज पोर आलं की फौजदाराची मुदत सरणार होती. तिनं थेरेसाच्या पोटावर तळवा ठेवला.

"थांब रे बाबा. जरा थांब."

पुन्हा कळ आली. तिनं पदर खोचला.

"बकुळा, पाणी ठेव. आणि चाळीतल्या बायांना सांग, उद्यापासनं तांदूळ निवडायचे, पोरं पाजायची, सगळं जिन्यात. बूट आले तर कुणी उठायचं नाही."

बकुळा धावली. जिन्यावर पावलं वाजली तशी सुंदराबाईनं श्वास धरला. चपला होत्या. रॉक आला होता.