प्याल्याचा काठ

बोरीच्या लिंगायत शिवरुद्र अप्पांनी गळ्यातलं लिंग उतरवून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. निजामाच्या राज्यात अजून काय काय बघावं लागणार, असं चावडीवर बोलणं झालं. किराणा दुकानाची गिऱ्हाइकं तुटली, बायको मल्लम्मा वालूरला माहेरी निघून गेली. अप्पा डगमगले नाहीत. जन्मात जिकडे पाय ठेवला नव्हता त्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत, प्रार्थनेच्या छपराखाली ते मांडी ठोकून बसू लागले आणि ‘ख्रिस्तात आपण सगळे एक’ हे घसा बसेस्तोवर सांगू लागले.

महिन्याकाठी पाद्रीसाहेब जिंतूरहून बैलगाडीने येत आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, देत. द्राक्षारस कुठला मिळणार? अप्पाच दुकानातल्या मनुका भिजवून त्यांचं पाणी नेत. पितळेचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत फिरे. पहिल्याच वेळी शेजारी बसलेल्या तानुबाईने, केरसुण्या वळून विकणाऱ्या म्हातारीने, घोट घेऊन तो अप्पांच्या हातात दिला. काठ ओला होता. अप्पांनी प्याला ओठांशी नेला, डोळे मिटले आणि थेंबही न घेता पुढे सरकवला.

घरी येऊन त्यांनी कपाळ बडवून घेतलं. प्रत्यक्ष प्रभूसमोर सोंग! मग आपण आहोत तरी कोण? लिंग तर गेलं, आणि ख्रिस्तही ओठापर्यंत येऊन परत गेला. ना इकडचे ना तिकडचे. त्यांनी उपास केले, रडून प्रार्थना केल्या.

आणि नवल म्हणजे पुढच्या खेपेला घोट सहज गेला. त्याच्या पुढेही गेला. अप्पांना आनंद मावेना. उपासनेत उभं राहून त्यांनी साक्ष दिली, की माझ्या मनात मोठी अढी होती, प्रभूने ती उपटून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तानुबाई दुकानाशी आली.

“अप्पा, काल लय चांगलं बोल्लात. एक इचारायचं व्हतं. आता मी माज्या जागेवर बसू का?”

“कोनत्या जागेवर?”

“पयलीच. तुमच्या आदी. त्या टायमाला तुमचे ओठ कोरडेच राह्यले, मी पाह्यलं की. तवापासून मी तुमच्या मागं बसायलेय. सगळ्यायला सांगून ठिवलं, प्याला आदी अप्पाला द्या. आता तुमी म्हनलात मन साफ झालं, म्हनून इचारायलेय.”

अप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं. म्हणजे इतके दिवस ते कोणाचंच उष्टं प्याले नव्हते. मग देवाने पालटलं ते काय? मन, की नुसती बसायची जागा?

“तुमाला राग न्हाई आला?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“आला की! त्या राती जेवले न्हाई मी.”

“मग?”

“मग काय? जागा बदलली.”

आपल्या प्रार्थनेचं उत्तर म्हणून देवानेच म्हातारीला जागेवरून उठवलं असेल, असं अप्पांना क्षणभर वाटलं आणि लगेच स्वतःचीच चीड आली. दिलेली साक्ष खोटी होती की खरी, हेही कळेना. पाद्रीसाहेबांना विचारावं, तर विचारायचं काय?

पुढच्या उपासनेला ते सगळ्यांच्या शेवटी, तानुबाईच्या मागे जाऊन बसले. प्याला फिरत तिच्याकडे आला. ती प्याली आणि तिने काठ पुसायला पदर उचलला.

“पुसू नका,” अप्पा म्हणाले.

ती थबकली. तिने प्याला तसाच त्यांच्या हातात दिला. तोच ओला काठ. पहिल्या वेळची अढी जागच्या जागी होती, तसूभरही कमी नाही. अप्पांनी डोळे उघडे ठेवले, प्याला तोंडाला लावला आणि तळाचं सगळं पिऊन टाकलं.

त्या दिवशी साक्ष द्यायला ते उठले नाहीत.