वन्संच्या पोहण्याची टेप

माझ्या मुलाला एक खोड आहे. कोणी विचारो न विचारो, हा सल्ला देणार. आमच्या फोटो-व्हिडिओच्या दुकानात ओळखपत्राचा फोटो काढायला आलेल्या माणसालाही कॉम्प्युटरला मेमरी किती लागते, व्हिडिओ कार्ड कुठलं घ्यावं, रेंडर, म्हणजे जोडलेल्या व्हिडिओची पक्की फाइल, झटपट कसं होतं, हे सगळं ऐकल्याशिवाय सुटका नाही. फोन कानाला, पाय टेबलावर. आणि बाहेर हे ज्ञान पाजळणं चालू असताना आतल्या खोलीत खरं एडिटिंग कोण करतं? माझी सून. दुकान माझ्या नावावर आहे, म्हणून मी हे तोंड वर करून बोलते. शिकले मी जेमतेम चार बुकं, पण कोण हाताचा आणि कोण तोंडाचा हे मला उंबऱ्यातूनच कळतं.

त्या दिवशी माझी नणंद एक जुनी व्हिडिओ टेप घेऊन आली. वन्सं तरुणपणी पोहायच्या. साधंसुधं नाही, नदीचं रुंद पात्र या काठावरून त्या काठाला. एकदा कोणीतरी बोटीतून ते कॅमेऱ्यात घेतलं होतं. आता गुडघे गेले, हातात काठी आली.

"वहिनी, काल नातू मला विचारतो, आजी, तू बादलीत पोहायचीस का?"

"मग द्यायची एक ठेवून."

"दिली. तरी हसतोय मेला. मला दाखवायचंय त्याला."

सुनेने टेपचं झाकण उचलून पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. कडा चुरगळलेल्या, काळी भुकटी सुटत होती.

"आत्या, ही फार तर एकदा चालेल. मध्ये थांबवली किंवा मागे नेली तर तुटेल. टेप जेवढी लांब तेवढा वेळ बसायचं, घाई नाही. ती चालत जाईल तसतसं मशीन चित्र डिस्कवर उतरवून घेईल. तेवढा वेळ त्या डिस्कला दुसरं काहीच काम द्यायचं नाही. नाहीतर मधली चित्रं गळतात आणि गळली ती गेली."

मुलगा दारातून हसला. "ही सगळी जुन्या काळातली भीती. आपलं मशीन एका वेळी दहा कामं ओढतं."

"आज एकच ओढेल," मी म्हणाले. "ऐकलंस?"

"ऐकलं गं, आई."

सुनेने प्लेअर साफ केला, मशीनवरचं बाकी सगळं बंद केलं आणि टेप लावली. आधी नुसते पट्टे, मग पाणी, आणि पाण्यात एक पांढरी टोपी. वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ती मीच हं, वहिनी."

"कळलं. हात तसेच फेकताय, भांडताना फेकता तसे."

एवढ्यात सून ताठ झाली. पडद्याच्या कोपऱ्यात आतापर्यंत शून्य होतं, तिथला आकडा चढायला लागला होता.

"आई, फ्रेम गळतायत. मी तर सगळं बंद केलंय. डिस्कवर दुसरं कोणीतरी काम टाकलंय."

कोणी ते मला विचारावं लागलं नाही. मी बाहेर गेले. चिरंजीव लॅपटॉप उघडून बसलेले, शेजारी एक गिऱ्हाईक. "बघा साहेब, रेंडर कसं पळतंय! फाइल आतल्या डिस्कवर आहे, मी इथे बसून काम करतोय." लॅपटॉपमधून निघालेली निळी वायर भिंतीतून आत गेली होती.

"बंद कर ते."

"आई, पाचच मिनिटं. निम्म्याच्या वर झालंय. आता तोडलं तर पहिल्यापासून करावं लागेल."

"बंद कर म्हणते ना!"

"अगं, साहेब बसलेत."

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. मी कंबर धरून वाकले आणि भिंतीतली निळी वायर उपटली. त्याच्या पडद्यावर लाल पाटी आली. आतून सुनेचा आवाज आला, "थांबलं, आई! आकडा थांबला!"

मी परत आत गेले तेव्हा वन्सं काठाला लागत होत्या. बाहेर आल्या, टोपी काढून केस पिळले आणि कॅमेऱ्याकडे असं बघितलं की जणू नदी यांच्या माहेरचीच. टेप संपली. सुनेने ती बाहेर काढायला बटण दाबलं, तर प्लेअरने ती आतल्या आत चावून टाकली. पण तोवर सगळं डिस्कवर आलं होतं. लावून बघितलं तर मधल्या जागी चित्र गचके खात होतं आणि वन्सं थोडं पाणी न पोहताच पुढे गेल्या होत्या.

"असू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिथे मी दमलेच होते."

मुलगा फणफणत आत आला. "आई, साहेब गेले निघून. गिऱ्हाइकासमोर नाक कापलंस माझं."

"उभा राहा इथे आणि ऐक," मी म्हणाले. "तुझं काम पुन्हा लावशील, संध्याकाळपर्यंत होईल. ही तुझी आत्या त्या नदीत पुन्हा उतरणार आहे का? बायकोने कारण सांगितलं, मी बजावलं, तरी तू लोकांना वेग दाखवत बसलास. आजपासून आतली खोली हिची. डिस्कवर काय चढवायचं, कधी चढवायचं, ते ही ठरवेल. तुला काही हवं असेल तर दार वाजवायचं आणि विचारायचं. सल्ले दे खुशाल, त्याने चार माणसं दुकानात येतात. पण हिला न विचारता ती निळी वायर भिंतीत गेली, तर वायरही काढीन आणि लॅपटॉपसकट तुलाही पायरीवर बसवीन."