तार न जोडलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचा पडला आहे, दांड्यावर लाल चिकटपट्टी आहे आणि तार कधीच तुटून गेली आहे. कोचकोर गावातल्या एका घरात, रजयांच्या चळतीशेजारी, मी खुंटीला टांगलेला असतो. घरातली मुलं मला तोंडापुढे धरून गायचं सोंग करतात, तेव्हा माझा जीव घाबरा होतो. का, ते सांगतो.

ज्या देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला, तो देश आता नकाशावर नाही. मला कापसात गुंडाळून या गावच्या सांस्कृतिक भवनात पाठवलं. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. समोर आवाज झाला की तो थरथरतो. तार जोडलेली नसली तरीही थरथरतो. फक्त ते बाहेर कुणाला कळत नाही.

भवनात दोन मैत्रिणी गायला येत. वयाने थोरली बुरुल, धाकटी जिपार. माइक मी एकटाच, म्हणून दोघी गालाला गाल लावून गात. जिपार वरच्या पट्टीत एक ओळ म्हणून थांबे, मग बुरुल खालच्या भरदार आवाजात तिला सामील होई. बुरुलच्या श्वासाला वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचा आंबूस वास येई. गाणं झालं की ती ओढणीने माझी जाळी पुसायची. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग राजधानीतून, बिश्केकहून, मेल्स नावाचा माणूस आला. लग्नांत नाचगाण्याचे कार्यक्रम ठरवणं हा त्याचा धंदा. त्याने मुलींना शहरात नेलं, चकचकीत बूट दिले, जोडीचं नाव 'दोन पाकोळ्या' ठेवलं. त्यांची गाणी टेपवर भरली. मलाही भवनातून बरोबर नेलं; लांब लांब उभं राहून नाचता यावं म्हणून बुरुलला वेगळा माइक घेतला, मी जिपारच्या हातात राहिलो. पाकोळ्यांचं गाणं टॅक्सीत, बाजारात, सगळीकडे वाजू लागलं. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढत. आणि माझी तार मंचावरच्या गालिच्याखाली नुसती खोचलेली असे. ती कुठेच जोडलेली नव्हती.

"मेल्स बाइके, रोज एक तरी गाणं खरं म्हणू द्या," बुरुल म्हणे. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला बाइके, म्हणजे दादा, म्हणतात.

"आणि नाचणार कोण, तुझी आजी? उड्या मारताना सूर हलला तर लग्नघरचे माझी मान धरतील. आवाज टेपवर आहे ना? ओठ हलवा नि हसा."

"जाऊ दे ना एजे," जिपार म्हणे. बुरुल मोठी म्हणून ती तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "लोकांना कुठं कळतंय?"

पण एकदा कळलं. लग्नात घरचे वडीलधारे नवरानवरीला आशीर्वाद देतात, तसा एका म्हाताऱ्याने द्यायला सुरुवात केली. मांडवात गलबला फार, म्हणून त्याने जिपारच्या हातून मला घेतलं. तो बोलत राहिला. आवाज काही येईना. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं.

"पोरी, या काठीत जीव नाही गं," तो म्हणाला. सगळे हसले. जिपारही हसली. बुरुल मात्र मान खाली घालून उभी राहिली.

त्याच आठवड्यात तिने सामान बांधलं. "चल जिपार, परत जाऊ."

"तिथं जाऊन मेंढ्यांना ऐकवू?"

"मेंढ्या ऐकतात तरी."

जिपार गेली नाही. बुरुलच्या जागी मेल्सने एक देखणी मुलगी आणली. तिला गाता येत नव्हतं आणि यावं लागतही नव्हतं. तिचे ओठ हलत नि टेपमधून बुरुल गाई. गावाकडचे ड्रायव्हर निरोप आणत, "बुरुल म्हणते, एकदा ये, भवनात दोघी मिळून गाऊ." जिपार सांगे, "उन्हाळ्यात येते म्हणावं." उन्हाळे आले नि गेले.

मग एका हिवाळ्यात निरोप आला, की बुरुलच्या छातीत ताप शिरला आणि ती गेली.

जिपार पोचली तेव्हा अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा तंबू उभा होता. बाहेर पुरुष काठ्यांवर ओणवे होऊन रडत होते. आत पडद्याआड बुरुल होती. बायका दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एकेक जण आपल्या शब्दांत मेलेलीसाठी गाऊन रडत होती. जिपारची पाळी आली. तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना. इतकी वर्षं तिचे ओठ टेप सुरू व्हायची वाट बघायला शिकले होते. तिचा हात आपोआप पिशवीत गेला आणि तिने मला काढून तोंडापुढे धरलं.

"हे काय?" बुरुलची भावजय मान न वळवता म्हणाली. "मागून टेप वाजवणारा पण आणलायस का?"

रडता रडता कुणीतरी फिसकन हसलं.

"राहू दे तिच्या हातात," बुरुलची आई काल्बुबू म्हणाली. मग तिने जिपारच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझी लेक सगळ्यांच्या लग्नात गायली, स्वतः तिथं नसताना. आज तिच्यासाठी तू गा. तिचा आवाज उसना न घेता."

जिपार गायला लागली. आवाज चिरका होता, सूर कुठल्या कुठे जात होता. "माझ्या गालाला कुणाचा गाल लावू, एजे," असं काहीसं ती म्हणत होती. माझा पडदा थरथरला. आणि प्रत्येक ओळीनंतर ती थांबत होती, पूर्वी बुरुल जिथे सामील व्हायची, नेमकी तिथे. ती जागा कुणी भरली नाही. भावजयसुद्धा तेवढा वेळ हुंदका दाबून धरी. मग पुढची ओळ, पुन्हा थांबणं.

जाताना जिपारने मला काल्बुबूच्या ओटीत ठेवलं. ती पुढे गायली की नाही, मला ठाऊक नाही. शहरातल्या लग्नांत ती टेप अजून वाजते म्हणतात.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. मी धातूचा आहे, मला गंज चढेल, इतकंच. पण मला तोंडापुढे धराल तेव्हा नुसते ओठ हलवू नका. आणि कुणी 'ये, मिळून गाऊ' असा निरोप धाडला, तर उन्हाळ्याची वाट पाहू नका. मी त्या तंबूत होतो. ओळ संपल्यावर किती शांत होतं, ते मी ऐकलं आहे.