पाखऱ्याचा वाईट फोटो

मावळात स्थळाचा फोटो एकदा पाहतात, बैलाचा चारदा. या हिशेबावर टाकव्याच्या प्रतीक्षाचं बरं चाललं होतं. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, बैल धावतात त्या चढावर, ती खाली बसूनच फोटो काढायची. खालून बैल टेकडीएवढा दिसतो. शाळेत असताना मामाचा मोबाईल पळवून ती हौशीरामआबांच्या गोठ्यात शिरायची आणि आबांची बायको, चंपामावशी, वासराचं तोंड पदरानं पुसून तिच्यापुढं उभं करायची. पुढं कंपनीतली नोकरी सोडून तिनं कॅमेरा घेतला तेव्हा गाव पोटभर हसलं. आता त्याच गावाचे बैल तिच्या फोटोंतून फ्लेक्सवर मिरवतात, मालकांपेक्षा देखणे.

ते वासरू म्हणजे पाखऱ्या. तो विकायचा ठरला होता. आबांना आता बैलामागं पळवत नव्हतं, आणि एकदा चार माणसांत ते बोलून बसले, बैल मागणाऱ्या सांगलीच्या गड्याला पसंत पडला तर दिला. शब्द फिरवणं आबांच्या रक्तात नव्हतं. गड्यानं आधी फोटो मागवला होता.

प्रतीक्षा आली तेव्हा आबा आत फेटा बांधत होते. चंपामावशी शिंगांना तेल चोळता चोळता हळूच म्हणाली, "पोरी, जरा वाईट काढ की."

प्रतीक्षाचा कॅमेरा पिशवीतून अर्धाच बाहेर आला.

"तुजा फोटू बगितला की त्यो नेनारच. ह्यांना आता न्हाई म्हनवत न्हाई."

या धंद्यात एक वाईट फोटो ग्रुपवर फिरला की शंभर चांगले पुसले जातात, हे प्रतीक्षाला पक्कं ठाऊक होतं. तरी ती ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबली. मग वैरणीच्या ढिगावर चढून, पाखऱ्यानं मान टाकून मागचा पाय सैल सोडला तो क्षण तिनं नेमका पकडला. बैल बुटका, बरगड्या वर, पाय अधू. कुठल्या नवरदेवाला देखणा करायला तिला इतके कष्ट पडले नव्हते.

प्रतीक्षानं फोटो मोबाईलवर घेऊन आबांपुढं धरला. आबांनी चष्मा लावला. फोटो पाहिला, बैल पाहिला, मग बायको पाहिली. तिला रिकाम्या घमेल्यात अचानक फार काम सापडलं होतं.

"लंगडल्यागत दिसतोय," आबा म्हणाले.

"उन्हामुळं असंल, आबा."

"व्हय. ऊन लय हाय आज."

आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं तोच फोटो सांगलीला धाडला. चहा होईतो उत्तर आलं, बैल नको म्हणून. आबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. वाईट वाटल्याचं तोंड करायचा त्यांचा प्रयत्न तसा बरा होता.

मग ते प्रतीक्षाजवळ सरकले. "त्यो फोटू आता पुसून टाक बाय. कुनी बगितला तर तुजं नाव जाईल."

तिनं त्यांच्यासमोरच पुसला. आबांनी फेटा सोडून खुंटीला लावला आणि पाखऱ्याला पाणी पाजायला घेऊन गेले.