गयेची एकच जागा

"एकच नाव लिवा, केसरबाई," साहेबराव म्हणाले आणि विहारातल्या सतरंजीवर बसलेल्या भिमाबाईंनी झटकन मान वर केली.

"कुनाचं?"

"तुझं. आनि कुनाचं?"

कार्तिक पौर्णिमेची वंदना नुकतीच आटोपली होती. महिला मंडळाच्या केसरबाई बोधगयेच्या सहलीची वही उघडून बसल्या होत्या. भिमाबाई उठल्या, पदर खोचला आणि चपला घालून चालू लागल्या. बायको भांडली तर बरं, गप्प बसली की आपली धडगत नाही, हे साहेबराव सदतीस वर्षांच्या संसारात शिकले होते.

बोधगया हा त्या घरातला जुना विषय. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी शब्द दिला होता. मग शिफ्ट आल्या, ओव्हरटाइम आला, पोरीचं लग्न आलं. "रिटायर झालो की पहिली गाडी गयेची," असं ते म्हणायचे. गेल्या वर्षी दिवाळीत रिटायर झाले आणि जानेवारीत दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. कंपनीची शिफ्ट सुटली, ही काही सुटेना.

तरी बुद्धपौर्णिमेला हौसेनं दोघं राजगुरुनगरला लेकीकडे, अंजलीकडे गेले. तिनं आमरस केला होता. डायलिसिसच्या पथ्यात आंबा बंद आहे हे साहेबरावांना पक्कं ठाऊक होतं. पण लेक वाटीवर वाटी वाढत होती आणि तिचं मन मोडवेना. पहाटे हातापायांतलं त्राणच गेलं. ॲम्ब्युलन्सनं पिंपरीच्या दवाखान्यात आणलं. चार दिवस भिमाबाई आयसीयूच्या दाराशी बसून होत्या. अंजलीनं त्यानंतर घरात आंबा आणला नाही.

विहारातून घरी पोचल्यावर भिमाबाईंनी तोंड उघडलं.

"मी तिकडं हात जोडते आनि हितं तुमी काय बी खाऊन बसा!"

"अंजली येऊन ऱ्हानार हाय."

"तिनंच तर रस वाढला."

"खाल्ला मी. पोरीचा काय दोष?" कित्येक महिने ओठांवर येऊन परत जाणारं आज साहेबरावांनी बोलून टाकलं. "माझ्यानं आता जानं व्हायचं न्हाई, भिमे. मी गेल्यावर गेलीस, तर झाडाखाली बसून रडत बसशील. मी हाय तवर जाऊन ये. घरी येऊन सांगायला मानूस तरी असंल."

दुसऱ्या दिवशी भिमाबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी धुवायला काढली.

डिसेंबरातल्या एका बुधवारी साहेबराव त्यांना पुणे स्टेशनवर सोडायला गेले. गाडी हलेपर्यंत भिमाबाई खिडकीतून पथ्यच सांगत होत्या. पाणी मोजून प्या, मीठ मागू नका, केळ्याला शिवू नका. साहेबराव मान डोलवत राहिले. घरी आल्यावर मात्र घर खायला उठलं. अंजली होती, वेळेवर ताट होतं, तरी चहाच्या वेळी त्यांनी दोनदा "अगं" म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा अंजली आली आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी डायलिसिस सुरू असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पलीकडे केसरबाईंचा आवाज.

"जय भीम, दादा! कळस बघा, कळस! दिसतोय का?"

लांबवर उंच शिखर होतं, पुढं माणसांची गर्दी.

"दिसला. आता जरा हिला दाखवा."

भिमाबाईंचा चेहरा समोर आला. थंडीनं कानाला टॉवेल गुंडाळला होता. "अवो, मला काय बघताय? कळस बघा की!"

"कळस राहू दे. तूच दिस जरा."

भिमाबाई लाजल्या. आजूबाजूच्या बाया हसल्या. मग त्या घाईनं म्हणाल्या, "फोन आत नेऊ देत न्हाईत, हितंच जमा करायचाय. धाला वंदना हाय. तुमी पन म्हना."

"म्हनतो."

फोन बंद झाला. घड्याळात दहाला सात मिनिटं होती. साहेबराव त्याच्याकडेच बघत पडून राहिले. आपण तिथं असायला हवं होतं, तिच्या शेजारी, ही टोचणी त्या सात मिनिटांत जितकी लागली तितकी वर्षभरात लागली नव्हती.

दहा वाजले. त्यांनी डोळे मिटले, त्रिसरण पुटपुटू लागले आणि सवयीनं दोन्ही हात उचलायला गेले.

"काका, डावा हात हलवू नका," सिस्टर म्हणाली. "सुया आहेत."

त्यांनी डावा हात होता तिथंच चादरीवर राहू दिला. उजवा उचलून त्याच्यापाशी नेला आणि तळव्याला तळवा लावला.